आयर्लंडचा कौन्सिलर निवडून कसा येतो, आणि तुमचा खड्डा त्याच्याने का बुजत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: दीड वर्षापूर्वी नोकरीसाठी आयर्लंडला आलो, एका नव्या वसाहतीत भाड्याने राहतो, पासपोर्ट भारतीय. शेजारी म्हणतो, स्थानिक निवडणुकीत तुलाही मत आहे. खरं का? दुसरं म्हणजे, वसाहतीच्या तोंडाशी रस्ता उखडलाय. कौन्सिलरला तीनदा भेटलो. माणूस चांगला आहे, पण दर वेळी ‘विषय मांडलाय’ एवढंच सांगतो. मग त्याच्या हातात आहे तरी काय? काउंटी कौन्सिलचा खरा मालक कोण, अध्यक्ष की चीफ एक्झिक्युटिव्ह?

शेजारी बरोबर सांगतोय. मत तुम्हाला आहे. बाकीचं उत्तर जरा लांबेल.

मी इथल्या एका काउंटी कौन्सिलच्या, म्हणजे साधारण आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेच्या, रस्ते विभागात सतरा वर्षं अभियंता आहे. म्हणजे कौन्सिलर ज्याच्यापुढे ‘विषय मांडतो’ तो माणूस मीच. शिवाय निवडणूक आली की पेट्या उघडणं, मतपत्रिका मोजणं ही कामं बरीचशी कौन्सिलच्याच कर्मचाऱ्यांच्या गळ्यात पडतात. अशा चार मोजण्यांना मी टेबलावर बसलोय. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो.

आधी मताचं. स्थानिक निवडणुकीला इथे नागरिकत्व लागत नाही. वय अठरा पूर्ण असावं आणि तुम्ही इथले नेहमीचे रहिवासी असावं, बस. व्हिसा कुठला, येऊन किती वर्षं झाली, हे कोणी विचारत नाही. मतदार यादीत तुमच्या नावासमोर ‘एल’ अक्षर लागेल, म्हणजे फक्त लोकल. युरोपियन युनियनमधल्या इतर देशांच्या नागरिकांना ‘ई’, ब्रिटिशांना ‘डी’, कारण ते डॉलसाठी, म्हणजे इथल्या लोकसभेसाठीही मत देतात. सार्वमत आणि राष्ट्राध्यक्षाची निवडणूक फक्त आयरिश नागरिकांची. नोंदणी ऑनलाइन होते. पीपीएस नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक), जन्मतारीख आणि एअरकोड (इथला पिनकोड) टाकला की काम झालं. वर्षभर कधीही करता येते, पण मतदानाच्या आधी काही दिवस यादी बंद होते, तेव्हा ‘निवडणूक जाहीर झाल्यावर बघू’ करू नका. मागची निवडणूक ७ जून २०२४ ला झाली, दर पाच वर्षांनी होते, म्हणजे पुढची २०२९ मध्ये.

नुसतं मत नाही, उभंही राहता येतं, आणि त्यालाही नागरिकत्वाची अट नाही. पक्षाचं तिकीट असेल तर पक्षाचं प्रमाणपत्र पुरतं. अपक्षाला १०० युरो अनामत भरावी लागते, किंवा आपल्या मतदारसंघातल्या १५ मतदारांची संमती आणावी लागते. रोटिमी अडेबारी नावाचे नायजेरियन गृहस्थ २००० साली आश्रय मागत इथे आले, २००४ मध्ये पोर्टलीशच्या नगर कौन्सिलवर निवडून आले आणि २००७ मध्ये तिथले महापौर झाले. केरळचे बेबी पेरेपाडन २०२४ मध्ये साउथ डब्लिनचे महापौर झाले. आपल्या ओळखीतल्या मराठी घरांत मात्र पोलिंग कार्ड पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर हिरव्या डब्यात जाताना मी पाहिलंय. असो.

आता रचना. देशात ३१ स्थानिक संस्था आहेत: २६ काउंटी कौन्सिल, डब्लिन, कॉर्क आणि गॉलवे या तीन शहरांच्या सिटी कौन्सिल, आणि लिमरिक व वॉटरफर्ड इथे शहर-काउंटी एकत्र केलेल्या दोन. काउंट्याही २६ आणि काउंटी कौन्सिलही २६, म्हणून लोकांना वाटतं एका काउंटीला एक. तसं नाही. १९९४ मध्ये जुनी डब्लिन काउंटी कौन्सिल मोडून फिंगल, साउथ डब्लिन आणि डन लिअरी-रॅथडाउन अशा तीन झाल्या, आणि पुढे लिमरिक-वॉटरफर्ड त्या यादीतून बाहेर गेल्या. आकडा योगायोगाने जुळतो, इतकंच.

या सगळ्यांचे मिळून ९४९ कौन्सिलर. डब्लिन सिटीचे ६३, कॉर्क काउंटीचे ५५, आणि सगळ्यात छोट्या लिट्रिमचे १८. लिट्रिमची लोकसंख्या ३५ हजारांच्या आसपास, म्हणजे तिथे दोन हजारांना एक कौन्सिलर पडतो. डब्लिन शहरात हाच हिशेब नऊ हजारांच्या वर जातो. लिट्रिममध्ये कौन्सिलर तुम्हाला कुत्र्याच्या नावासकट ओळखतो, ते उगाच नाही.

२०१४ पर्यंत यांच्याखाली ८० नगर कौन्सिल होत्या आणि एकूण सदस्य सोळाशेच्या वर होते. खर्च वाचवायचा म्हणून त्या वर्षी सगळ्या नगर कौन्सिल एका झटक्यात बरखास्त झाल्या. पोर्टलीशचीही त्यातच गेली. त्यामुळे इथे ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेसारखा खालचा थर उरलेलाच नाही. त्याजागी म्युनिसिपल डिस्ट्रिक्ट आले, पण तिथे वेगळे सदस्य नसतात. त्या भागातून काउंटीवर निवडून आलेले सहा-सात कौन्सिलरच महिन्यातून एकदा आपल्यापुरते बसतात. डब्लिनच्या चार कौन्सिलांत म्युनिसिपल डिस्ट्रिक्टही नाहीत. माझं वैयक्तिक मत विचाराल तर नगर कौन्सिल घालवल्या ही चूक होती. पण मी पगारी माणूस, माझं कोण ऐकतो.

काम काय? सोशल हाउसिंग (कमी भाड्याची सरकारी घरं), स्थानिक रस्ते, बांधकाम परवानग्या, अग्निशमन, वाचनालयं, दफनभूमी, बागा, मोटर टॅक्स, मोकाट कुत्री. काम काय नाही, हे जास्त महत्त्वाचं: शाळा शिक्षण खात्याच्या अखत्यारीत, गार्डा म्हणजे पोलीस पूर्ण देशाचे एकच, दवाखाने आरोग्य सेवेचे. पाणी एके काळी कौन्सिलकडे होतं, ते आता इश्का एरन या राष्ट्रीय कंपनीकडे आहे. नळाला पाणी नाही म्हणून आजही रोज एक तरी फोन आमच्याकडे येतो. आम्ही नंबर देतो आणि शिव्या घेतो.

आता तुमचा खरा प्रश्न: मालक कोण?

अध्यक्षाला आयरिशमध्ये ‘काहीर्लख’ म्हणतात. तो दर वर्षी जूनच्या वार्षिक सभेत कौन्सिलरांमधूनच निवडला जातो. निवडणुकीनंतरच्या आठवड्यात पक्ष आपापसांत बसून पाच वर्षांचं वाटप करून टाकतात: पहिलं वर्ष तुझं, दुसरं माझं. गळ्यात साखळी येते, फोटो निघतात, सभा तो चालवतो. प्रशासन मात्र तो चालवत नाही. ते चीफ एक्झिक्युटिव्हकडे असतं, ज्याला २०१४ पर्यंत काउंटी मॅनेजर म्हणत. जुने लोक अजून ‘मॅनेजर’च म्हणतात. जिल्हा परिषदेचा सीईओ डोळ्यांसमोर आणलात तर फार चुकणार नाही, फक्त हा बदलीवर येत नाही. रीतसर स्पर्धेतून निवड होऊन सात वर्षांसाठी येतो आणि त्याला तीन वर्षं वाढ मिळू शकते.

हे असं का झालं त्याला इतिहास आहे. काउंटी कौन्सिल १८९८ च्या कायद्याने आल्या, पहिली निवडणूक १८९९ ला. त्याआधी जमीनदारांच्या ‘ग्रँड ज्युरी’ काउंटीचा कारभार पाहत. नव्या कौन्सिलांनी तो कारभार सामान्य शेतकऱ्या-दुकानदारांच्या हाती आणला, आणि स्वातंत्र्याच्या लढ्यात १९२० मध्ये बहुतेकांनी उघडपणे डॉलशी निष्ठा जाहीर केली. मग स्वतंत्र झालेल्या सरकारलाच त्या नकोशा झाल्या. वशिल्याच्या नेमणुका, थकलेली करवसुली, ढिसाळ हिशेब, ही कारणं पुढे करून १९२३ पासून कौन्सिलवर कौन्सिल बरखास्त करून तिथे आयुक्त बसवले. १९२४ मध्ये डब्लिन आणि कॉर्क शहरांच्याही बरखास्त झाल्या. आयुक्तांनी कारभार नीट केला, हे लोकांना आवडलं, आणि त्यातूनच मॅनेजरची कल्पना निघाली: आधी १९२९ मध्ये कॉर्क शहर, मग १९४० च्या कायद्याने सगळ्या काउंट्या. थोडक्यात, तुमच्या कौन्सिलरचे हात शंभर वर्षांपूर्वीच्या अविश्वासाने बांधलेले आहेत.

म्हणून कायद्यात कामांची दोन भागांत विभागणी आहे. काही कामं ‘रिझर्व्ह्ड’, म्हणजे फक्त सभागृहाने ठराव करून करायची. उरलेली सगळी ‘एक्झिक्युटिव्ह’, म्हणजे चीफ एक्झिक्युटिव्हची. ‘उरलेली सगळी’ हे शब्द लक्षात ठेवा, कारण यादी कौन्सिलरांची असते आणि त्याबाहेरचं सारं आपोआप प्रशासनाचं. तुम्हाला घर कोणत्या क्रमाने मिळेल, शेजाऱ्याला माळा वाढवायची परवानगी द्यायची की नाही, कोणत्या ठेकेदाराला काम द्यायचं, कुठला खड्डा आधी भरायचा: यात कौन्सिलरला मत नाही. तो विनंती करू शकतो, प्रश्न विचारू शकतो, मला फोन करू शकतो. करतोही. सकाळी साडेनऊ ते साडेदहा माझा फोन त्यांचाच असतो.

कोणी म्हणेल, कलम १४० आहे ना! आहे. २००१ च्या कायद्यातल्या या कलमाने सभागृह ठराव करून चीफ एक्झिक्युटिव्हला एखादी गोष्ट करायला लावू शकतं. पण बांधकाम परवानग्या त्यातून २०१४ मध्ये वगळल्या, आणि त्यालाही कारण आहे. याचा पूर्वज होता १९५५ च्या कायद्यातला ‘सेक्शन फोर’. त्याचा वापर करून नियोजन अधिकाऱ्याने नाकारलेल्या परवानग्या सभागृहातून काढून घ्यायची इतकी सवय लागली होती की काही काउंट्यांत सभा म्हणजे परवानग्यांचा बाजारच. त्यापेक्षा मोठं प्रकरण जमिनीच्या झोनिंगचं. शेतजमीन निवासी झाली की किंमत रातोरात कितीतरी पट, आणि झोनिंग हा कौन्सिलरांचा राखीव अधिकार. १९९७ पासून २०१२ पर्यंत चाललेल्या चौकशी आयोगासमोर फ्रँक डनलॉप या दलालाने डब्लिनच्या कौन्सिलरांना मतांसाठी पैसे दिल्याचं कबूल केलं, आणि त्याला तुरुंगवासही झाला. हे वाचून तुम्हाला घरच्यासारखं वाटलं तर त्यात तुमची चूक नाही.

मग राखीव काय? तीन गोष्टी सांगतो, कारण लोक कौन्सिलरला नेमक्या याच विचारत नाहीत.

पहिली, विकास आराखडा. कुठे घरं, कुठे शेती, कुठे कारखाना, कुठे शाळेसाठी जागा, हे अनेक वर्षांसाठी ठरवणारा दस्तऐवज सभागृह मंजूर करतं. अलीकडे त्यावर प्लॅनिंग रेग्युलेटरचं कार्यालय नजर ठेवतं आणि मंत्री बदल फिरवू शकतो, पण मसुद्यावर हरकती मागवतात तेव्हा तुम्ही लिहून पाठवू शकता. फुकट. आमच्याकडे एका आराखड्याला एका छोट्या गावातून चाळीस पत्रं आली, सगळी फूटपाथबद्दल, आणि तो फूटपाथ आराखड्यात आला. बांधकाम परवानगीच्या वैयक्तिक अर्जावर हरकत घ्यायची असेल तर पाच आठवड्यांत, २० युरो भरून.

दुसरी, पैसा. नोव्हेंबरच्या सुमारास अंदाजपत्रकाची सभा होते. मसुदा चीफ एक्झिक्युटिव्ह आणतो, मंजुरी सभागृहाची. आणि मंजूर न करून चालत नाही. १९६९ मध्ये डब्लिन शहराच्या कौन्सिलने कराचा दर ठरवायला नकार दिला तर मंत्र्याने ती बरखास्त केली, पुन्हा निवडणूक थेट १९७४ ला. घरपट्टी म्हणाल तर १९७८ मध्ये घरांवरचा जुना कर रद्द झाला, कारण आदल्या वर्षीच्या निवडणुकीत ते आश्वासन होतं. तेव्हापासून कौन्सिलची कमाई कमर्शियल रेट्स, म्हणजे दुकानदार-व्यावसायिकांच्या जागांवरचा कर, आणि डब्लिनहून येणारं अनुदान यांवरच मुख्यत्वे राहिली. २०१३ मध्ये लोकल प्रॉपर्टी टॅक्स आला, आणि त्याचा दर १५ टक्क्यांपर्यंत वर-खाली करायचा अधिकार कौन्सिलरांना मिळाला. डब्लिन सिटीने वर्षानुवर्षं १५ टक्के कपात केली. २०२२ ते २०२५ या वर्षांत सुमारे अडीच लाख युरोंच्या घरावर मूळ कर २२५ युरो होता. त्यावर १५ टक्के म्हणजे वर्षाला ३४ युरो. एवढ्यासाठी सभागृह पोटतिडकीने भांडतं, आणि मग तीच मंडळी मला विचारतात, रस्त्याला पैसे का नाहीत.

तिसरी गोष्ट शेवटी सांगतो, कारण ती तुमच्या खड्ड्याची आहे.

त्याआधी निवडणूक, कारण ही इथली खरी मजा. काउंटीचे लोकल इलेक्टोरल एरिया पाडतात, देशात असे १६६. प्रत्येकातून साधारण पाच ते सात जागा, विरळ वस्तीच्या भागात तीन-चार. लिट्रिममध्ये तीन भाग, प्रत्येकी सहा. मत एकच, पण पसंतीक्रमाने: आवडता तो १, त्यानंतरचा २, हवं तितकं खाली जा. आपल्याकडे विधान परिषदेला आमदार कोटा आणि पसंतीच्या मतांचं गणित घालतात, तेच इथे दारोदारचा माणूस करतो. आणि हे सगळं कागद-पेन्सिलने. मतदान यंत्रं घेतली होती, त्यांवर पाच कोटी युरोंच्या वर खर्च झाला, विश्वास बसला नाही, आणि २०१२ मध्ये भंगारात काढली. ईव्हीएमच्या देशातून आलेल्या मला बूथमध्ये दोरीला बांधलेली पेन्सिल पाहून पहिल्यांदा हसूच आलं होतं.

समजा सहा जागा आणि वैध मतं १४,०००. कोटा काढायचा: मतं भागिले जागा अधिक एक, आणि त्यात एक मिळवायचा. १४,००० भागिले ७ म्हणजे २,०००, अधिक १ म्हणजे २,००१. का? कारण सात जणांना २,००१ मिळूच शकत नाहीत, सहा जणांनाच शक्य आहे. आता ‘अ’ला पहिल्या पसंतीची २,३०१ मतं पडली. तो निवडून आला, आणि ३०० जास्त आहेत. ती वाया जाऊ द्यायची नाहीत. मग त्याच्या सगळ्या २,३०१ मतपत्रिका पुन्हा चाळायच्या आणि दुसरी पसंती पाहायची. समजा ‘ब’ला १,०५०, ‘क’ला ७००, ‘ड’ला ३५०, आणि २०१ लोकांनी पुढे काही लिहिलंच नाही. पुढे जाऊ शकणाऱ्या २,१०० पत्रिका, द्यायच्या ३००, म्हणजे सातातली एक. ‘ब’ला १५०, ‘क’ला १००, ‘ड’ला ५०. आणि या पत्रिका खऱ्याखुऱ्या उचलून दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवतात, गठ्ठ्याच्या वरच्या. म्हणजे नेमक्या कोणत्या १५० गेल्या यात थोडा नशिबाचा भाग. शनद या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत एका मताची किंमत १,००० धरून अपूर्णांकाचा हिशेब करतात, तिथे हे नशीब नसतं. आमच्याकडे आहे, आणि कुणाचीही तक्रार नाही. कोणाचं आधिक्य नसेल तर सगळ्यात खालचा बाद, आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला. असं दहा-बारा फेऱ्या. शेवटचा बहुतेक वेळा कोटा न गाठताच निवडून येतो, कारण समोर कोणी उरलेलं नसतं.

म्हणून एक व्यावहारिक सल्ला: फक्त १ लिहून थांबू नका. तुमची ४ थी पसंती तुमच्या १ ल्याचं काहीही बिघडवत नाही, तिचा नंबर वरच्यांचं काम संपल्यावरच लागतो. आणि मतपत्रिका हातात घेताना अधिकाऱ्याने शिक्का मारलाय ना, ते पाहा. शिक्का नसेल तर ती बाद. टेबलावर अशी पत्रिका निघाली की मला त्या माणसासाठी वाईट वाटतं. १ ते ९ सुबक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि सगळं फुकट.

मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, एखाद्या क्रीडा संकुलात. पेटी टेबलावर उलटी करतात. आम्ही पत्रिका चेहरा वर करून उलगडतो, आणि कठड्यापलीकडे पक्षांचे ‘टॅलीमन’ छातीने कठड्याला रेलून, हातात पाट्या-पेन्सिली घेऊन प्रत्येक पत्रिकेवरचा १ कोणाला ते टिपत असतात. फीना फॉल आणि फीना गेल या जुन्या प्रतिस्पर्धी पक्षांचे लोकही इथे आकडे वाटून घेतात. पेटी एका गावाची असते, त्यामुळे दुपारी बारापर्यंत त्यांना अधिकृत निकालाच्या कितीतरी आधी कळलेलं असतं की कोणत्या गल्लीत कोणी दगा दिला. २०१४ मध्ये माझ्या टेबलासमोर शेवटच्या जागेचा फरक एक आकडी आला. फेरमोजणी झाली, तिसऱ्या रात्री निकाल लागला, आणि हरलेल्या उमेदवाराची बायको आमच्यासाठी सँडविचेस घेऊन आली होती. ते सँडविच घशाखाली उतरेना.

पक्षाचे दोन उमेदवार एका भागात असतील तर घरी पत्रक येतं: या चौकाच्या उत्तरेला यांना १ द्या, दक्षिणेला त्यांना. मतं सारखी वाटली की दोघं टिकतात. मतपत्रिकेवर नावं आडनावाच्या वर्णक्रमाने असतात, सोबत फोटो. एखादे आपटे उभे राहिले तर सगळ्यात वर छापले जातील, याचा फायदा होतो असं इथले कार्यकर्ते ठामपणे मानतात. सोमणांनी मेहनत करावी.

मध्येच जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक नाही. ज्या पक्षाची जागा, तो नाव सुचवतो आणि कौन्सिल त्याला सहभागी करून घेते. लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचं गाव मालवणजवळचं वराड, ते २००३ मध्ये याच वाटेने फिंगल काउंटी कौन्सिलवर आले. पुढच्या वर्षी रीतसर निवडणूक लढवून भरघोस मतांनी जिंकले, २००७ मध्ये डॉलमध्ये गेले आणि २०१७ मध्ये तीशख, म्हणजे पंतप्रधान झाले. डॉलमध्ये गेलं की कौन्सिल सोडावी लागते, दोन्हीकडे बसायला २००४ पासून बंदी आहे. कौन्सिल ही अशी पायरी आहे, आणि वर बसलेल्यांना तिची गरजही असते. शनदच्या ६० पैकी ४३ जागा निवडणाऱ्यांत कौन्सिलरच बहुसंख्य, आणि चार कौन्सिलांनी ठराव केला तर एखादा माणूस राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहू शकतो. खड्डा न बुजवू शकणारा माणूस राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार देऊ शकतो, हे लक्षात आलं का?

लिमरिक तेवढं वेगळं. तिथे २०१९ च्या मतदानात लोकांनी थेट महापौर मागितला. कॉर्क आणि वॉटरफर्डने थोड्या मतांच्या फरकाने नाकारला. जून २०२४ मध्ये जॉन मोरन हे देशातले पहिले थेट निवडलेले महापौर झाले आणि चीफ एक्झिक्युटिव्हचे बरेच अधिकार त्यांच्याकडे गेले. बाकी तीस ठिकाणी व्यवस्था जुनीच.

आता तुमचा रस्ता. तुम्ही नवी वसाहत म्हणालात, तिथेच माझा कान टवकारला. नवी वसाहत बांधली की आतले रस्ते, दिवे, गटारं बिल्डरचीच असतात, जोवर कौन्सिल ती ‘टेकन इन चार्ज’ करत नाही, म्हणजे ताब्यात घेत नाही. तोवर तिथला खड्डा भरायचा मला कायद्याने अधिकारच नाही. डांबराची एक बादलीसुद्धा टाकता येत नाही. कौन्सिलर विषय मांडतो, मी ‘इन चार्ज नाही’ असं लिहून पाठवतो, तो तुम्हाला ‘मांडलाय’ सांगतो. अशी तीन पत्रं तुमच्या फाइलमध्ये आत्ता पडलेली असणार.

आणि ती तिसरी राखीव गोष्ट हीच. एखादा रस्ता सार्वजनिक म्हणून जाहीर करायचा ठराव १९९३ च्या रोड्स कायद्याप्रमाणे सभागृहालाच करावा लागतो. तो मी करू शकत नाही, चीफ एक्झिक्युटिव्हही नाही. म्हणजे खड्ड्याच्या बाबतीत बिनकामाचा वाटणारा तुमचा कौन्सिलर नेमक्या याच कामाला लागतो. ही प्रक्रिया सुरू करायला बिल्डर किंवा बहुसंख्य घरमालक अर्ज देऊ शकतात. तुम्ही भाडेकरू, तेव्हा घरमालकाला गाठा. नियोजन विभागाला दोन गोष्टी लेखी विचारा: वसाहत इन चार्ज आहे का, आणि बिल्डरने परवानगीच्या वेळी ठेवलेला बाँड अजून शिल्लक आहे का. कामं अर्धवट सोडली असतील तर तो पैसा त्यासाठीच असतो. उत्तर हातात आलं की चौथ्यांदा कौन्सिलरकडे जा, पण खड्डा म्हणू नका. म्हणा, ‘आमची वसाहत इन चार्ज घेण्याचा ठराव म्युनिसिपल डिस्ट्रिक्टच्या पुढच्या बैठकीच्या अजेंड्यावर कधी येतोय?’ बैठकीला जनतेला बसता येतं. मागच्या खुर्चीत बसा. तुम्ही तिथे दिसलात की तो विषय नुसता मांडून मोकळा होणार नाही.

आणि रस्ता वसाहतीच्या आत नसून तोंडाशी, मुख्य रस्त्यावर असेल, तर तो आमचाच आहे. मग त्याच्यावरचा एल (लोकल) किंवा आर (रीजनल) क्रमांक आणि जवळचा एअरकोड लिहून थेट डिस्ट्रिक्ट ऑफिसला मेल टाका, फोटोसकट, फोटोत खड्ड्याशेजारी बूट ठेवून. बूट असला की खोली कळते, आणि मला जाऊन बघायची एक फेरी वाचते.